प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: आंतोनिन पानेंका, एका पेनल्टीच्या अलीकडे-पलीकडे

गेल्या महिन्यात फुटबॉलमधल्या पेनल्टी शूटआऊटबद्दल लिहिलं, तेव्हा ‘पानेंका’ किकचा उल्लेख ओझरता झाला होता. कीपर एका बाजूला झेपावतो आणि चेंडू हलकेच उचलून गोलच्या मध्यभागी सोडला जातो, ती किक. त्यावर बरीच पत्रं आली. काही किकबद्दल, काही ती पहिल्यांदा मारणाऱ्या चेक मिडफिल्डरबद्दल. निवडक प्रश्न घेतले आहेत.

१९७६ च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनलमध्ये सगळं पानेंकाच्या शेवटच्या किकवर होतं, तो चुकला असता तर चेकोस्लोव्हाकिया हरलाच असता, असं नेहमी ऐकायला मिळतं. खरं आहे का? (पुणे)

नाही. स्कोअर नीट मांडला की लगेच कळतं.

२० जून १९७६, बेलग्रेडमधलं रेड स्टारचं मैदान. समोर पश्चिम जर्मनी, म्हणजे १९७२ चा युरोपविजेता आणि १९७४ चा विश्वविजेता संघ. श्वेहलिकने ८ व्या आणि डोबियाशने २५ व्या मिनिटाला गोल करून चेकोस्लोव्हाकियाला २-० असं पुढे नेलं. तीनच मिनिटांत डिटर म्युलरने एक गोल फेडला आणि सामना संपता संपता होल्झेनबाइनने बरोबरी केली. जादा वेळेत गोल नाही. बरोबरी झाली तर सामना पुन्हा खेळवायचा, असं मुळात ठरलं होतं. तो बेत फायनलच्या तोंडावर बदलला आणि निकाल पेनल्टीवर, म्हणजे दोन्ही संघांच्या पाच-पाच किकवर, लावायचं ठरलं.

चेकोस्लोव्हाकियाकडून मास्नी, नेहोदा, ओंद्रुश आणि युर्केमिक या चौघांनीही गोल केले. जर्मनीकडून बोनहोफ, फ्लोहे आणि बोनगार्ट्झ यांचे गोल झाले आणि चौथ्या उली होनेसने चेंडू बारवरून उडवला. म्हणजे पानेंका पाचव्या किकला आला तेव्हा ४-३ होतं आणि जर्मनीची एक किक शिल्लक होती. गोल झाला की कप आपला. चुकला तर ४-३ कायम, आणि मग जर्मनीने पाचवी किक मारली तरी ४-४ होऊन सडन डेथ, म्हणजे फरक पडेपर्यंत एकेक किक. हार त्या किकवर होऊच शकत नव्हती.

धाडस त्यामुळे कमी होत नाही, पण ‘वेड्या माणसाचा जुगार’ ही कथा टिकत नाही. त्यामागे दोन वर्षांची तयारी होती. बोहेमियन्स क्लबात सराव संपला की पानेंका आणि कीपर झ्देन्येक हृश्का पैज लावून पेनल्टी खेळायचे. पैज चॉकलेटची किंवा बीअरची. सुरुवातीला पानेंकाच जास्त हरायचा. कीपर शेवटपर्यंत थांबला तर काय, आधीच झेपावला तर काय, असा विचार करताना त्याच्या लक्षात आलं की कीपर मध्ये उभा राहतच नाही. मग मधली जागा हेरून हळू चेंडू टाकायला त्याने सुरुवात केली. आधी सरावात, मग मित्रत्वाच्या सामन्यांत, मग लीगमध्ये. चेकोस्लोव्हाक लीगचे सामने तेव्हा पश्चिमेत कोण बघणार? जर्मन कीपर सेप मायरला याचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं. चेकोस्लोव्हाकियाच्या कीपरला, इवो व्हिक्टरला, मात्र बेत ठाऊक होता आणि तो अजिबात पसंत नव्हता.

मायर त्याच्या डावीकडे गेला, चेंडू मधून जाळीत. ५-३. त्यानंतर विश्वचषक आणि युरोतली पुढची सहाही शूटआऊट जर्मनीने जिंकली, ही त्या रात्रीची दुसरी बाजू.

पानेंका म्हणजे ती एकच किक, की खेळाडू म्हणूनही मोठा होता? (नागपूर)

खेळाडू म्हणून मोठा होताच. त्या किकने नाव जगभर नेलं आणि बाकीची कारकीर्द झाकून टाकली.

जन्म २ डिसेंबर १९४८, प्राग. लहान वयातच बोहेमियन्समध्ये आला आणि १९६७ ते १९८१ त्याच क्लबाच्या मुख्य संघात खेळला. मिडफिल्डर असूनही लीगमध्ये २३० सामन्यांत ७६ गोल. हा आकडा वाचताना क्लब लक्षात घ्यायला हवा. प्रागमध्ये स्पार्ता, स्लाव्हिया आणि सैन्यदलाचा दुक्ला हे बडे संघ. बोहेमियन्स वर्शोव्हित्से भागातला धाकटा. पानेंका असताना त्यांना लीग कधीच जिंकता आली नाही. जिंकली ती १९८३ मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी, आणि आजवर तेवढी एकदाच.

त्याचा खेळ थांबलेल्या चेंडूवर आणि पासवर उभा होता. भिंतीवरून वळवलेली फ्री किक, तीस-चाळीस मीटरवरून बचावफळीमागे टाकलेला चेंडू, आणि पेनल्टी. पळणं बेताचं, चेंडू हिसकावणं त्याहून बेताचं. हे तो स्वतःही मोकळेपणाने सांगत आला आहे. अशा खेळाडूला खेळवायचं तर शेजारी पळणारी माणसं लागतात. प्रशिक्षक वाक्लाव येझेक आणि त्यांचे सहायक योझेफ वेंग्लोश यांच्या संघात ती होती. त्या संघातले बहुसंख्य खेळाडू स्लोव्हाक होते, हे आजच्या ‘चेक विजय’ म्हणणाऱ्या मथळ्यांत हरवतं.

१९७६ च्या युरोतही त्याचा वाटा शेवटच्या किकपुरता नव्हता. पात्रता फेरीत सायप्रसला ४-० हरवलं त्यात तीन गोल पानेंकाचे. उपांत्यपूर्व फेरीत सोव्हिएत संघाला ब्रातिस्लाव्हात २-० हरवलं त्यात दुसरा गोल त्याचा. झाग्रेबच्या पावसात झालेल्या उपांत्य सामन्यात क्रॉयफच्या नेदरलँड्सविरुद्ध ओंद्रुशने हेडरने पहिला गोल केला, तो पानेंकाच्या फ्री किकवर. तो सामना जादा वेळेत ३-१ असा जिंकला.

१९८० च्या युरोत ग्रीसविरुद्ध सहाव्याच मिनिटाला त्याने फ्री किकवर गोल केला. तिसऱ्या क्रमांकासाठी नेपल्सला यजमान इटलीशी पुन्हा शूटआऊट झालं, ९-८ ने जिंकलं, आणि पानेंकाने आपली किक पुन्हा जाळीत घातली. १९८२ च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाचा खेळ फिकाच होता. तीन सामन्यांत दोन गोल, कुवेतविरुद्ध आणि फ्रान्सविरुद्ध, दोन्ही पेनल्टीवर, दोन्ही पानेंकाचे. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. राष्ट्रीय संघासाठी एकूण ५९ सामने आणि १७ गोल.

युरोप जिंकूनही तो १९८१ पर्यंत घरच्याच क्लबात का राहिला? मोठे क्लब मागे लागले नाहीत का? (नाशिक)

मागे लागून उपयोग नव्हता. कम्युनिस्ट राजवटीत परदेशी क्लबात जायला सरकारची परवानगी लागायची. ती मिळायची तिशी ओलांडल्यावर, राष्ट्रीय संघासाठी भरपूर सामने खेळून झाल्यावर. पानेंकाला बत्तीस पूर्ण झाली डिसेंबर १९८० मध्ये, आणि १९८१ च्या सुरुवातीला तो व्हिएन्नाच्या रापिड क्लबात गेला. म्हणजे ऐन भराची, सत्तावीस ते बत्तीस ही वर्षं बाहेरच्या प्रेक्षकांनी पाहिलीच नाहीत. त्या पिढीतल्या पूर्व युरोपीय खेळाडूंची तुलना आजच्या खेळाडूंशी करताना ही गोष्ट हिशेबात धरली नाही, तर अन्याय होतो.

रापिडमध्ये मात्र तो उतारवयातला पाहुणा ठरला नाही. १२७ लीग सामन्यांत ६३ गोल केले. रापिडने १९६८ नंतर लीग जिंकली नव्हती, ती १९८२ आणि १९८३ मध्ये सलग जिंकली. १९८३, ८४, ८५ असे तीन ऑस्ट्रियन कप घेतले. पुढे हान्स क्रांकलसारखा गोल करणारा आणि मागून चेंडू पुरवायला पानेंका, अशी ती जोडी. १९८५ मध्ये संघ कप विनर्स कपच्या (युरोपातल्या कपविजेत्या क्लबांची स्पर्धा) फायनलला पोचला. वाटेत ड्रेसडेनमध्ये ०-३ हरून व्हिएन्नात ५-० ने उलटवलं होतं. रॉटरडॅमच्या फायनलमध्ये एव्हर्टनकडून १-३ हार झाली. छत्तिशीतला पानेंका त्यात बदली खेळाडू म्हणून उतरला. त्यानंतर काही वर्षं तो ऑस्ट्रियातल्या छोट्या क्लबांत खेळत राहिला.

आमच्या तालमीच्या संघातला एक पोरगा सरावात पानेंका झकास मारतो. पण सामन्यात टायब्रेकरला कधी चेंडू बारवरून, कधी थेट कीपरच्या हातात. काय चुकतं? (कोल्हापूर)

आधी आकडे बघू. पेनल्टी स्पॉट ते गोलरेषा ११ मीटर, बार २.४४ मीटर उंच. चांगली पानेंका साधारण १ सेकंदात पोचते. हवेचा विरोध बाजूला ठेवून हिशेब केला तर त्यासाठी चेंडू ताशी ४५ किलोमीटर वेगाने आणि जमिनीशी साधारण २९ अंशांच्या कोनात सुटावा लागतो. तो स्पॉटपासून सहा-सात मीटरवर जवळपास १.९ मीटर उंची गाठतो आणि गोलरेषेवर १.२ मीटरवर येतो. म्हणजे कमरेच्या जरा वर, उतरता.

आता चूक कशी वाढते पाहा. कोन तोच, वेग दहा टक्क्यांनी जास्त: चेंडू गोलरेषेवर २ मीटरच्या थोडा वर. अजून आत. वेग तोच, कोन ३५ अंश: २.१ मीटरच्या आसपास. तरी आत. पण दोन्ही एकदम झाले तर ३ मीटर, म्हणजे प्रेक्षकांत. सामन्यात नेमकं हेच होतं. ताण आला की पाय जोरात येतो आणि अंग मागे कलतं. वेग आणि कोन बरोबरीनेच वाढतात. उलट वेग दहा टक्क्यांनी कमी पडला तर चेंडू गोलरेषेजवळच टप्पा घेतो आणि पोचायला १.१ सेकंद लावतो. कीपर खरोखर पडलेला असेल तर तोही गोल आहे. नुसता वाकला असेल तर नाही.

२००६ च्या विश्वचषक फायनलमध्ये झिदानने बुफॉनला असंच फसवलं, तेव्हा चेंडू बारच्या खालच्या कडेला लागून रेषेच्या आत पडला. झिदानच्या पायातही एवढीच जागा उरते.

किक अशी बसवा. चेंडू ठेवल्यावर मागे भरपूर जा. डी-बॉक्सच्या बाहेरून धावत आलात तरी चालेल. पानेंका स्वतः लांबून, जोरात यायचा. सगळी फसवणूक या धावेत आहे. कोपऱ्यात जोराची किक मारताना जसे येता तसेच या: तोच वेग, तोच कोन, शेवटचं पाऊल तेवढंच लांब. टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला, साधारण एक वीत अंतरावर आणि जरासा मागे. मारणारा पाय चेंडूच्या खालच्या भागाखाली घुसवायचा, घोटा ताठ, आणि चेंडू सुटताच पाय तिथेच आवरायचा. पुढे झेपावू दिलात तर वेग वाढलाच. छाती चेंडूवर हवी. होनेसची किक वर गेली ती मागे कलल्यामुळे. जोराच्या किकला जी चूक नडते ती हलक्या किकला दुप्पट नडते.

चेंडू थेट कीपरच्या हातात जातो त्याची कारणं वेगळी. एक तर पायाचा फटका चेंडूच्या मध्यावर बसतो. चेंडू उचलला न जाता सपाट जातो आणि झेपावलेल्या कीपरच्या मागे राहिलेल्या पायांना लागतो. दुसरं, धाव शेवटी मंदावते, कीपरला वास येतो. तिसरं सगळ्यात साधं: तोच पोरगा त्याच मैदानावर वर्षभर तेच करतो आहे, तर कीपर झेपावेल कशाला? सरावात झकास होण्याचं कारणही कदाचित तेच असेल. तिथे कीपर प्रामाणिकपणे उडी मारतो.

सरावासाठी गोलच्या दोन्ही खांबांना दोऱ्या बांधा, एक १ मीटरवर, एक २ मीटरवर. चेंडू दोन्हींच्या मधून गेला पाहिजे. आधी कीपरशिवाय दहा-पंधरा किक, तेही सराव संपल्यावर, पाय दमलेले असताना, कारण टायब्रेकर त्याच अवस्थेत येतो. मग कीपर उभा करा आणि त्याला मोकळीक द्या: वाटलं तर थांब, वाटलं तर उडी मार. मारणाऱ्याने धावताना कीपरकडे बघायचं आणि तो हललाच नाही तर बेत बदलून कोपऱ्यात मारायची. हा बदल ज्याला जमत नाही त्याने सामन्यात पानेंका मारू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चेंडूची हवाही तपासा. नियमात ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर दाब चालतो, म्हणजे पंपावरच्या काट्यावर साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय. सरावाला नरम आणि सामन्याला टणक चेंडू असेल तर त्याच फटक्यात तो जास्त उसळतो. मैदान उघडं, खडबडीत असेल तर स्पॉटवरचा चेंडू खळग्यात बसलेला नाही ना ते बघा. खळग्यातल्या चेंडूखाली पाय जात नाही, बूट आधी जमिनीला लागतो. १९९२ मध्ये वेम्बलीवर ब्राझीलविरुद्ध इंग्लंडच्या गॅरी लिनेकरची चिप (हलकेच उचललेली किक) अशीच पायातून नीट सुटली नाही आणि कीपरला सहज मिळाली. त्या गोलाने बॉबी चार्लटनच्या इंग्लंडसाठीच्या ४९ गोलांशी बरोबरी झाली असती. लिनेकर ४८ वरच थांबला.

मी गोलकीपर आहे. पानेंका अडवायची कशी? (मडगाव)

उभं राहून. पण याची किंमत मोजावी लागते, ती आधी समजून घ्या.

ताशी १०० किलोमीटरची किक ०.४ सेकंदात पोचते. चेंडू सुटल्यावर झेप घ्यायची म्हटलं तर कोपऱ्यापर्यंत हात जात नाही, म्हणून कीपर अंदाज बांधून आधीच निघतात. इस्रायलमधल्या संशोधकांनी २८६ पेनल्टींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कीपर मध्ये थांबले ते अवघ्या ६.३ टक्के वेळा, आणि चेंडू मात्र २८.७ टक्के वेळा मधल्या भागात आला होता. उभं राहून गोल खाल्ला की लोक म्हणतात ‘हललाही नाही’. झेपावून खाल्ला की ‘प्रयत्न तरी केला’. पानेंका याच लाजेवर जगते.

दर वेळी थांबू नका. तसं केलंत तर दोन्ही कोपरे उघडे पडतात. समोरचा पानेंका मारणारा म्हणून ओळखला जात असेल, धावेच्या शेवटी मंदावत असेल किंवा सारखा तुमच्याकडेच बघत असेल, तेव्हा खांद्याने हूल द्या, पण पाय जमिनीवरून सोडू नका. चेंडू एक सेकंद हवेत आहे; नुसते वाकलेले असाल तर सरळ व्हायला तेवढा वेळ पुरतो. २०२१ च्या मे महिन्यात चेल्सीच्या मेंडीने मँचेस्टर सिटीच्या अ‍ॅग्युएरोची चिप अशीच परत उभं राहून हातात घेतली. झेप घेतलीच असेल तर मागचा पाय वर उचलून मधल्या जागेत ठेवा. कमी पडलेल्या चिपा पायाला लागतात.

धावताना थांबून हूल दिली तर फाउल होतो का? आणि चेंडू बारला लागून परत आला तर त्याच खेळाडूने पुन्हा मारला तर चालतं का? (ठाणे)

धावेत हूल चालते. धाव पूर्ण करून चेंडूजवळ पोचल्यावर पाय अडवून हूल दिली तर चालत नाही; पिवळं कार्ड आणि प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक. पानेंकात पाय थांबत नाही, किक हळू असते एवढंच, म्हणून ती नियमात बसते. कीपरचा एक पाय, निदान त्याचा काही भाग, किक लागेपर्यंत गोलरेषेवर किंवा रेषेच्या मागे हवा.

बारला किंवा खांबाला लागून चेंडू परत आला तर मारणाऱ्याला तो लगेच पुन्हा खेळता येत नाही, मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श हवा. कीपरने परतवला तर खेळता येतो. हे सामन्यातल्या पेनल्टीपुरतं. शूटआऊटमध्ये परतलेला चेंडू मेलेला.

पानेंकानंतर सगळ्यात चांगली पानेंका कुणाची? (सोलापूर)

टोटीची २००० मधली, झिदानची, २०१० मध्ये घानाविरुद्ध आब्रेऊची, २०२२ मध्ये स्पेनविरुद्ध हाकिमीची, सगळ्या गाजल्या. आमची निवड पिर्लोची, २०१२ च्या युरोत कीव्हला इंग्लंडविरुद्ध. इटली शूटआऊटमध्ये मागे पडली होती आणि जो हार्ट गोलरेषेवर नाचत, चेहरे करत मारणाऱ्यांना बुजवत होता. एवढा हलणारा कीपर थांबणार नाही, हा त्यामागचा तर्क. पुढच्याच इंग्लिश खेळाडूची किक बारला लागली.

नोकरीनिमित्त प्रागला आहे. पानेंकाचा क्लब अजून आहे का, आणि त्यांच्या चिन्हावर कांगारू कसा? (प्राग)

आहे. १९२७ मध्ये हा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला होता. तिथून दोन जिवंत कांगारू भेट मिळाले, ते प्रागच्या प्राणिसंग्रहालयाला दिले आणि चित्र चिन्हावर राहिलं. २००५ मध्ये क्लब कर्जात बुडाला, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून तो वाचवला. निवृत्तीनंतर पानेंका या क्लबाचा अध्यक्षही झाला. वर्शोव्हित्सेमधलं त्यांचं मैदान ‘द्योलिचेक’ लहान आहे, सहा हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतात. स्पार्ता किंवा स्लाव्हियाशी सामना असेल तर तिकीट आधी काढून ठेवा. कपडे हिरवे-पांढरे चालतील. स्लाव्हियाचे लाल-पांढरे घालून यजमानांच्या स्टँडमध्ये बसू नका.